थोरलीचं सूप

घरच्या बाईला तीनच गोष्टी आल्या पाहिजेत, असं थोरलीचं ठाम मत होतं: मोकळा भात, पिवळं न फुटलेलं अंडं आणि स्वच्छ सूप. बाकीचं हॉटेलवाल्यांनी बघून घ्यावं. हे मत ती येईल त्या पाहुण्याला ऐकवायची आणि वर हमखास जोडायची, की आमच्या धाकटीला यातलं एकही येत नव्हतं, पहिल्याच दिवशी हिनं भाताचा कोळसा केला.

धाकटी, म्हणजे तिची जाऊ, तेव्हा ताटं मांडता मांडता कसनुसं हसायची. त्या दिवशी ती झाकण आणायला वळली होती आणि थोरलीनं गुपचूप गॅस मोठा केला होता. कपाटाच्या काचेत तिला तो हात लख्ख दिसला होता. पण कालची आलेली नवरी थोरल्या जावेवर आळ घेणार कशी? नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, जाऊ दे, भातच तर आहे. तेव्हापासून चिरणं, निवडणं आणि भांडी धाकटीकडे, शेगडी थोरलीची.

मागच्या हिवाळ्यात थोरली तापानं आजारी पडली. ताप गेला, तो तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. धाकटीला मात्र कळलं. एकदा ती चहात साखर घालायला विसरली आणि थोरली कप संपवून म्हणाली, जरा गोडच झाला होता.

मग थोरलीनं नवी पद्धत काढली. पदार्थ होत आला, की चमचाभर धाकटीच्या तळहातावर ओतायचा आणि परीक्षा घेतल्याच्या सुरात विचारायचं, सांग बघू काय कमी आहे, इतक्या वर्षांत जीभ तरी तयार झाली का. धाकटी खरं ते सांगायची. थोरली तेवढं मीठ घालायची आणि टेबलावर कौतुक पदरात पाडून घ्यायची. धाकटीला घाई नव्हती.

यंदा थोरलीला सून आली. सुनेचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. त्यांच्यादेखत सुनेला आपले तीन पदार्थ दाखवायचे, असं थोरलीनं जाहीर करून टाकलं. सूप उकळत होतं, तिनं मीठ घातलं, तोच दारावरची घंटा वाजली. व्याह्यांची विचारपूस करून ती परत आली आणि तिनं पुन्हा मीठ घातलं. धाकटी गाजर चिरत होती. तिची सुरी थांबली नाही.

थोरलीनं तिच्या तळहातावर सूप ओतलं. "सांग बघू."

धाकटीची जीभ चरचरली. तिनं शांतपणे ओठ पुसले. "आज अगदी जमलंय, ताई. कशालाही हात लावू नका."

टेबलावर व्याह्यांनी एक चमचा घेतला आणि पाण्याचा पेला उचलला. थोरलीच्या नवऱ्याला ठसका लागला. सून आपल्या आईच्या तोंडाकडे बघत राहिली. थोरली मात्र भुरके मारत होती. बोलता बोलता ती भाताच्या कोळशापर्यंत आली आणि नेहमीसारखी थांबली, पण कुणी हसलं नाही. तेव्हा कुठे तिनं वाट्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या भरलेल्या होत्या, तिचीच तेवढी रिकामी होती.

"विहीणबाई, तुम्हाला खारट नाही लागलं?" सुनेच्या आईनं अगदी मायेनं विचारलं.

थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मला जरा खारटच आवडतं," ती म्हणाली. आता हे खरं करून दाखवणं भाग होतं. तिनं आणखी एक वाटी वाढून घेतली आणि सगळ्यांच्या नजरेखाली शेवटपर्यंत संपवली. धाकटीनं आग्रहानं वाढलं.

पाहुणे गेल्यावर थोरली स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसली.

"तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या सुनेसमोर अशी शोभा केलीस माझी?"

"मीही सूनच होते, ताई. तुम्ही गॅस मोठा केलात तेव्हा."

बाहेर सून आपल्या नवऱ्याशी दबक्या आवाजात हसत होती. उद्या दुपारी सुनेच्या मावश्या जेवायला यायच्या होत्या. तसं आमंत्रण थोरलीनंच दिलं होतं.

"उद्या विचारलं तर खरं सांगशील ना?" तिनं हळूच विचारलं.

धाकटी सुपाचं पातेलं घासत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"विचारून बघा," ती म्हणाली.