हेडलीने दिलेले दोन गुण

माझी बायको मॉडीन जूनमध्ये गेली. तेव्हापासून मला घरात बसवत नाही. खुर्चीत बसलो की पाच मिनिटांत उठतो, स्वयंपाकघरात जातो, कशाला आलो ते आठवत नाही, मग मागच्या दाराने बाहेर पडून घराभोवती चालत राहतो. आमच्या घराभोवती गवतात एक पायवाट पडलेली आहे. ती मात्र जूनपासूनची नाही. ती फुटबॉलमुळे पडली, आमच्या अमेरिकन फुटबॉलमुळे.

१९७९ साली हार्लन आणि बीचम या दोन कॉलेजांचा सामना टीव्हीवर चालू होता. मी जन्मापासून हार्लनचा. शेवटच्या सत्रात आम्ही हरत होतो, तेव्हा मी अंगणातला पाण्याचा नळ बंद करायला उठलो. मी बाहेर असताना हार्लनने गुण केले आणि आम्ही जिंकलो. झालं. त्या दिवसापासून शेवटचं सत्र लागलं की मी बाहेर. घराभोवती चालायचं, खिडकीतून आत बघायचं नाही, आणि कुणी मला गुण सांगायचे नाहीत. अलाबामात असं काहीतरी प्रत्येकाचंच असतं. वीज कंपनीत माझ्याबरोबर खांबावर चढणारा रॉयस हॅगूड सामन्याच्या आठवड्यात दाढी करत नाही, आणि त्याला कुणी वेडा म्हणत नाही.

मॉडीन बीचमची. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाकी सगळं ठीक आहे, पण हार्लनची ती हिरवी टोपी तू घरात घालणार का?" मी घालणार म्हणालो. त्रेचाळीस वर्षं घातली. आणि त्रेचाळीस वर्षं आमचं एकाच गोष्टीवरून भांडण चाललं: मोठा कोच कोण? माझा बर्ल क्रॅडॉक की तिचा अमोस हेडली?

क्रॅडॉकने सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. हेडलीने एकदा. माझ्या मते विषय तिथेच संपत होता. मॉडीनच्या मते तिथे सुरू होत होता.

गावातही हाच वाद. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दरवर्षीच्या हार्लन-बीचम सामन्याच्या आदल्या दिवशी, आमच्या अग्निशमन केंद्रात सगळ्यांची न्याहारी असते. पावासारखी मऊ बिस्किटं, सॉसेजची ग्रेव्ही, कॉफी. खाऊन झालं की आगीची गाडी बाहेर काढतात आणि रिकाम्या जागेत एका भिंतीवर हार्लनचा हिरवा कपडा लावतात, दुसरीवर बीचमचा जांभळा. क्रॅडॉकच्या बाजूने एक जण बोलतो, हेडलीच्या बाजूने एक. पाच-पाच मिनिटं. मग लोक उठून ज्याचं पटलं त्याच्या कपड्याखाली जाऊन उभे राहतात आणि डोकी मोजतात. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याची टोपी घालून आगीची गाडी धुवायची. क्रॅडॉकच्या बाजूने रॉयस बोलायचा. हेडलीच्या बाजूने सव्वीस वर्षं मॉडीन बोलली. गाडी तिने सोळा वेळा धुतली, रॉयसने दहा वेळा.

सामन्याच्या आधीच्या सोमवारी केंड्रा बॅस घरी आली. ती आता केंद्राची प्रमुख आहे. मी पायवाटेवरच होतो. ती माझ्याबरोबर चालायला लागली.

"मिस्टर डॉर्सी, शुक्रवारचं विचारायचं होतं. हेडलीकडून बोलायला कुणी नाही."

"इमोजीन आहे ना." इमोजीन म्हणजे मॉडीनची धाकटी बहीण.

"त्या नाही म्हणाल्या. माणसांसमोर उभं राहिलं की घाम फुटतो म्हणे. मग आम्ही असं ठरवलं की या वर्षी फक्त खायचं. बोलणं नको. मिस मॉडीन नाहीत, तर..."

"आणि पुढच्या वर्षी?"

एकदा थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू होत नाही हे तिलाही माहीत होतं. तोवर आमची एक फेरी पूर्ण झाली. मी मागच्या पायरीपाशी थांबलो आणि म्हणालो, "मी बोलेन."

"तुम्ही? हेडलीकडून?" तिला हसू आवरेना. "मिस्टर डॉर्सी, तुमच्या पत्रपेटीवर क्रॅडॉकचं चित्र आहे."

"ती काय बोलायची ते मला पाठ आहे. त्रेचाळीस वर्षं ऐकलंय."

मला खरंच तसं वाटत होतं. मंगळवारी मी गाडीत बसून, काचा वर करून, मोठ्याने सराव केला. बोलायला बसून राहता येईना म्हणून गाडी चालवत राहिलो. नदीच्या पुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. हेडली सभ्य माणूस होता. पोरांवर ओरडायचा नाही. पोरांच्या आयांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहायचा. त्याची पोरं शिकून पदवी घेऊनच बाहेर पडायची. क्रॅडॉकने करंडक घडवले, हेडलीने माणसं घडवली. शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते चार वेळा म्हटलं.

बुधवारी ते इमोजीनला ऐकवायला गेलो. ती थँक्सगिव्हिंगसाठी रताळी सोलत होती. मी फ्रीजसमोर उभं राहून सगळं म्हणून दाखवलं. ती सोलत राहिली.

"कसं वाटलं?"

"छान आहे. पाद्रीबाबांना दे. कुणाच्या तरी अंत्यविधीला कामाला येईल."

"म्हणजे?"

"डॉर्सी, हे मॉडीन कधीच म्हणाली नाही."

"रोज म्हणायची!"

"तू म्हणायचास." तिने सुरी खाली ठेवली. "ती काही बोलायला लागली की तू म्हणायचास, 'हो बाई, हेडली माणूस चांगला होता, ते मान्य.' मग ती चिडायची. इथे याच टेबलाशी बसून म्हणायची, 'इमी, या माणसाला मी फुटबॉल सांगतेय आणि हा मला सभ्यपणा ऐकवतोय.' चांगला माणूस असण्याचं तिला काय पडलं होतं? आमचा बाप चांगला माणूस होता, त्याला कुणी कोच केलं का?"

"मग काय म्हणायची ती?"

"क्रॅडॉककडे देशातली सगळ्यात दांडगी पोरं यायची. तसली पोरं असतील तर आपल्या पोस्टमास्तरनेही चार करंडक आणले असते. हेडलीकडे उरलेली यायची. उरलेल्या पोरांना घेऊन तो क्रॅडॉकला सात वेळा हरवून गेला. डोक्याने. आणि त्यातलं सगळ्यात मोठं डोकं म्हणजे एक्क्याण्णवच्या सामन्यात त्याने मुद्दाम दिलेले दोन गुण."

मी हसलो. "ते गुण आमच्या पोरांनी मिळवले, इमोजीन. तुमच्या पोराला त्याच्याच गोलक्षेत्रात कोंडलं आणि दोन गुण काढले. अजून एक मिनिट मिळालं असतं तर सामनाही काढला असता. हेडलीने मुद्दाम दिले वगैरे सगळं नंतर रचलेलं. हरता हरता वाचलेला माणूस असंच सांगतो."

"तू पाहिलंस?"

मी एक रताळं उचललं आणि परत ठेवलं.

"एक्क्याण्णवला तू कुठे होतास?"

"अंगणात," मी म्हणालो.

"आणि नंतर? दरवर्षी ती टेप लावायची तेव्हा?"

तेव्हाही अंगणातच. मॉडीनकडे त्या सामन्याची टेप होती. दर थँक्सगिव्हिंगला जेवण झालं की ती लावायची, आणि शेवटचं सत्र आलं की मी उठायचो. ती म्हणायची, "अरे, याचा निकाल लागून वीस वर्षं झाली! आता तुझ्या चालण्याने काय बदलणार आहे?" मला तरी काय माहीत. पाय उचलले जायचे. खिडकीतून ती ओरडायची, "डॉर्सी, एवढा एक डाव बघ! एकच!" आणि मी कानांवर हात ठेवून कोपऱ्यावरून वळायचो. तिला ते गमतीचं वाटायचं अशी माझी समजूत होती.

थँक्सगिव्हिंगला मी इमोजीनकडे जेवलो नाही. टर्कीचा डबा घेऊन घरी आलो. टेप तिच्या जागी होती, टीव्हीखालच्या कप्प्यात. दुपारी दोन वाजता लावली. पहिली तीन सत्रं मला तोंडपाठ. चौथं सुरू झालं आणि मी उठलो. मागच्या दारापर्यंत गेलो. कडी काढली. मग परत आलो आणि मॉडीनच्या खुर्चीत बसलो, कारण ती खोल आहे. तिच्यातून म्हाताऱ्या माणसाला पटकन उठता येत नाही. तरी दोनदा उठलोच. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून ठेवले. बत्तीस वर्षांपूर्वी संपलेला सामना, आणि मला ते दांडे सोडवत नव्हते.

बीचम वीस, हार्लन चौदा. चाळीस सेकंद उरलेले. बॉल बीचमकडे, पण त्यांच्या स्वतःच्या गोलरेषेला अगदी चिकटून. तीन प्रयत्न वाया गेले होते, आता त्यांना किक मारून बॉल लांब घालवायला हवा होता. त्यांचा किक मारणारा पोरगा जखमी होऊन बाहेर बसलेला. त्याच्या जागी आलेला नवखा. आमची आठ दांडगी पोरं त्याच्या अंगावर धावून जायला तयार. किक अडवली की तिथेच बॉलवर झेप घालायची आणि सामना आमचा.

हेडली कडेला उभा होता. बारीक माणूस, चष्मा, ढगळ कोट. त्याने पंचाला जवळ बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. मग मैदानाकडे वळून हात वर केला. दोन बोटं. डावाच्या आधी. मॉडीन न्याहारीला बोलायला उभी राहिली की पहिल्यांदा हेच करायची, दोन बोटं वर. मला ते तिने रचलेलं वाटायचं.

बॉल पोराच्या हातात आला. त्याने किक मारलीच नाही. तो आपल्याच गोलक्षेत्रात इकडून तिकडे धावत राहिला, आमची पोरं त्याच्या मागे, आणि वर घड्याळ पळतंय. नऊ सेकंद गेले तसा तो हळूच मागच्या रेषेबाहेर गेला. स्वतःच्या गोलक्षेत्रातून असं बाहेर गेलं की समोरच्याला दोन गुण मिळतात. वीस-सोळा. स्टेडियममधले जांभळे लोक हेडलीला शिव्या घालत होते. पण सहाची आघाडी काय आणि चारची काय, तीन गुणांची किक पुरणार नव्हती, आम्हाला सहा गुणांचा पूर्ण गोलच लागणार होता. आणि दोन गुण दिल्यावर नियमाने किक मारायला मिळते ती मोकळ्या जागेतून, अंगावर कुणी धावून न येता. नवख्यानेही ती लांब मारली. आम्ही मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. एकतीस सेकंद उरलेले. संपलं.

कॅमेरा क्रॅडॉकवर गेला. माझ्या क्रॅडॉकवर. त्याने टोपी काढली आणि हेडलीच्या दिशेने मान हलवली. त्याला कळलं होतं. त्याला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि मी बत्तीस वर्षं अंगणात फिरत होतो.

मी तो डाव अकरा वेळा पाहिला. मग वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी तिच्याच खुर्चीत बसलोय आणि माझी खुर्ची रिकामी आहे.

शुक्रवारी केंद्रात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. डॉर्सी टिडमोर जांभळ्याकडून बोलणार हे ऐकून शेजारच्या गावातूनही लोक आले होते. रॉयस आधी बोलला. सहा बोटं वर करून, एकेक करंडकाचं साल सांगत. दाढी वाढलेली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "माझा मित्र आता तुम्हाला सांगेल की हेडली फार चांगला माणूस होता. कबूल! माझी आजीही होती!" लोक पोट धरून हसले. हा विनोद माझाच होता. दरवर्षी मीच त्याला पुरवायचो.

मी उभा राहिलो आणि दोन बोटं वर केली. जांभळ्या टोप्या घातलेल्यांनी हातातले कप खाली ठेवले.

"हेडली चांगला माणूस होता की नाही ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी फुटबॉलबद्दल बोलणार आहे." आणि तो डाव सांगितला. उरलेली पोरं सांगितली. क्रॅडॉकने काढलेली टोपी सांगितली. नीट नाही जमलं. मध्ये एकदा सेकंद चुकलो तेव्हा मागून इमोजीन ओरडली, "नऊ!" मी म्हणालो, "नऊ. आभारी आहे." शेवटी म्हणालो, "हे मी काल पहिल्यांदा पाहिलं. मॉडीन मला हेच सांगत होती. मी ऐकलं नाही." आणि बसलो. पाच मिनिटांतली दोन शिल्लक होती.

डोकी मोजली. हिरव्याखाली सत्तेचाळीस, जांभळ्याखाली एक्केचाळीस. मी हरलो.

केंड्राने हार्लनची हिरवी टोपी पुढे केली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "मिस्टर डॉर्सी, ही तर तुमचीच टोपी आहे. ही शिक्षा कशी होणार?"

"घाला त्याला!" रॉयस ओरडला. "नियम म्हणजे नियम!"

मी टोपी घातली. बाहेर थंडी होती. बादली घेतली, फडकं घेतलं आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली. टोपी कपाळाला काचत होती. पट्टा एक घर सैल केला, तरी काचतच राहिली.

थोड्या वेळाने रॉयस कॉफीचे दोन कप घेऊन आला. एक माझ्यासाठी गाडीच्या पायरीवर ठेवला.

"चांगलं बोललास," तो म्हणाला. "मॉडीनला आवडलं असतं."

"सेकंद चुकलो म्हणून झापलं असतं."

तो हसला. मग चाकाला टेकून म्हणाला, "पण एक सांगू? ते दोन गुण म्हणजे नशीब रे. त्या पोराचा पाय घसरला असता तर आज कुणी नावही घेतलं नसतं."

मी फडकं बादलीत टाकलं.

"घसरला असता तर?" मी म्हणालो. "अरे, त्याने डावाच्या आधी पंचाला सांगितलं होतं. आधी! नशिबाला कुणी आधी सांगतं का? तू पाहिलास का तो डाव? मला सांग, कधी नीट बसून पाहिलास?"

"पाहिलाय, एकदा..."

"एकदा! घरी चल. टेप लावतो."

"आत्ता? गाडी कोण धुणार?"

"धुऊन झाल्यावर. आणि मध्येच उठायचं नाही."

मी पुन्हा फडकं घेतलं. अजून तीन चाकं बाकी होती.