सुकुयाँची उखळी

“मा युफ्रेझीच्या उखळीत कधी डोकावायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही.”

आमच्या बेटावरच्या या डोंगरवस्तीत मूल चालायला लागलं की त्याला हा नियम सांगतात. खालच्या घरातल्या सोलांज नावाच्या पोरीलाही सांगितला होता. ती उखळी म्हणजे मी, आणि आज मीच बोलतेय. माझ्या पोटात काय असतं ते माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

मी बलाटा नावाच्या टणक झाडाच्या बुंध्यातून जन्मले. थिओफिलनं माझ्या पोटात निखारे ठेवून मला हळूहळू जाळलं, मग छिन्नीनं खरवडलं, गुळगुळीत केलं आणि आपल्या नव्या बायकोच्या, म्हणजे युफ्रेझीच्या, अंगणात आणून ठेवलं. त्याच झाडाच्या फांदीचं मुसळ माझ्या जोडीला दिलं. आम्ही सख्खी भावंडं.

पुढे माझी उमेदीची वर्षं. भाजलेला कोको माझ्यात कुटला जायचा, त्यात जायफळ पडायचं. बारसं असलं की उकडलेली हिरवी केळी कुटायला मला न्यायचे, मयत झालं की जागरणाच्या कॉफीसाठी न्यायचे. वस्तीतल्या सगळ्या घरांची चव माझ्या लाकडात मुरली आहे. तेव्हा मला उचलून न्यायला कुणी घाबरत नव्हतं.

मग थिओफिल गेला. मुलगा बोटीवर कामाला लागला, तो बोटीचाच झाला. मागे राहिले युफ्रेझी आणि तिचा छोटा नातू डेरॉन. तिला उजाडायच्या आधी उठून कोकोच्या बागेत जायची सवय होती. बाटलीत रॉकेल, तोंडाशी चिंधीची वात, अशी पेटती मशाल घेऊन ती चढ चढायची. खालच्या वस्तीतून पाहणाऱ्याला म्हातारी दिसायची नाही, नुसती ज्योत दिसायची. आगीचा गोळा उडत चाललाय, असं कुणीतरी म्हणालं आणि झालं, युफ्रेझी सुकुयाँ ठरली. पराचा कावळा व्हायला आमच्याकडे फार पिसं लागत नाहीत.

सुकुयाँ म्हणजे एकटी राहणारी म्हातारी. रात्री ती अंगावरचं कातडं काढते, घडी घालून उखळीत ठेवते आणि आगीचा गोळा होऊन झोपलेल्यांचं रक्त प्यायला जाते. सकाळी अंगावर निळा डाग दिसला की समजायचं, ती येऊन गेली. तिचं कातडं सापडलं तर त्यात जाडं मीठ आणि कुटलेली मिरची ओतायची. मग परत आल्यावर कातडं अंगाला झोंबतं आणि ती रडते, “कातड्या, कातड्या, मला ओळखत नाहीस का रे?” वस्तीतली पोरं युफ्रेझीला ऐकू जाईल अशा बेतानं हे ओरडत पळायची. आयांनी त्यांना कधी गप्प केलं नाही.

माझ्यात एकदा जरी कातडं सापडलं असतं ना, तर मीच बोंब मारली असती. असायचं ते पावसाचं पाणी, कुजकी पानं आणि एक बेडूक.

नेमकं तेव्हाच माझं मुसळ टांटी मर्लनं मागून नेलं होतं. टांटी म्हणजे सोलांजची मावशी. सोलांजची आई टोरंटोत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, त्यामुळे मुलगी टांटीनंच वाढवली. गवगवा झाल्यावर मुसळ परत करायला यायची टांटीची छाती होईना, आणि टाकून द्यायला जीव होईना. तिनं ते मागच्या दाराला अडसर म्हणून लावलं. सुकुयाँ आत येऊ नये म्हणून! माझ्याच मुसळानं माझ्याच मालकिणीला दार बंद.

सोलांज शाळेत होती तेव्हा पहिल्यांदा आमच्या अंगणात आली. काखेत एक जाडजूड कादंबरी. घरी वाचत बसलं की टांटी आळशी म्हणायची, म्हणून तिला कुणी फिरकणार नाही अशी जागा हवी होती. तिनं मला पालथं घातलं, माझ्यावर बैठक मारली आणि वाचायला लागली. युफ्रेझीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. म्हणाली, “मोठ्यानं वाच की गं. मलाही कळू दे.”

कादंबरी रक्त पिणाऱ्या एका राजपुत्राची होती. तो एका साध्या मुलीच्या प्रेमात पडतो.

“थांब,” युफ्रेझी म्हणाली. “हा तीनशे वर्षं जगतोय म्हणालीस ना?”

“हो, मा.”

“आणि अजून साधं रताळं उकडता येत नाही?”

“तो जेवत नाही, मा. रक्त पितो.”

“आणि अंग बर्फावरच्या मासळीसारखं गार? मग लग्न करून ही त्याच्याबरोबर दिवसभर करणार काय? नको म्हणावं तिला.”

पातीच्या कांद्याच्या वाफ्यात कुदळ थांबली आणि डेरॉन खो खो हसला. तो मघापासून ऐकत होता. त्यानंतर वाचन सुरू झालं की कुदळ बंद पडायची. एक कादंबरी संपली, दुसरी आली. मग सोलांज कॉलेजात गेली, कादंबऱ्या वाचायचं वय सरलं, तरी तिचं येणं थांबलं नाही. आता ती माझ्यावर बसायची आणि तो शेजारी जमिनीवर. वाचत कुणीच नसायचं. मी कधी चहाडी केली नाही. म्हातारीला तर माझ्याही आधी कळलं होतं.

गंमत ऐका. त्या कादंबऱ्या सोलांजच्या उशाखालून टांटी मर्लच्या उशाखाली जायच्या. राजपुत्र खिडकीत येतो आणि मुलगी घाबरून रडते, त्या पानावर टांटी भडकली होती. म्हणे, “मूर्खच आहे कार्टी! इतका देखणा, वाड्याचा मालक, चालून आलाय. मान पुढे करायची सोडून रडते कसली?” सोलांजनं तिची नक्कल करून दाखवली तेव्हा युफ्रेझीच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं.

माणसांचं मला हेच कळत नाही. रक्त पिणारा तरुण, गोरा आणि पैसेवाला असला की खिडकी उघडी. तीच म्हातारी, काळी आणि एकटी असली की दाराला मुसळ.

यंदा युफ्रेझी कोकोच्या बागेत घसरली. मांडीचं हाड मोडलं. शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, रक्त लागेल, तिच्या नावानं रक्त देणारी माणसं आणा. डेरॉनचं स्वतःचं घेतलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. तो वस्तीत दारोदार फिरला. सोलांजचे आजोबा फिट्झ चर्चच्या गायकांचे पुढारी आहेत. ते ओट्यावरूनच म्हणाले, “इतकी वर्षं फुकट प्यायली, आता मागून पिणार काय?” सगळे हसले. त्या हसण्यानंतर कोण पुढे येणार?

डेरॉन अंगणात येऊन माझ्या काठाला टेकला आणि डोकं धरून राहिला. सोलांज आली.

“माझं चालेल?”

“टांटीला कळलं तर?”

“चालेल का ते विचारलं मी. टांटीचं नाव कुणी काढलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं ती शहरात गेली. संध्याकाळी आली तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा होता. नस नीट सापडली नव्हती म्हणे. पुढे तिथे मोठा निळा डाग उठला.

तो डाग आज सकाळी टांटीला दिसला. सोलांज घाईत निघाली होती, युफ्रेझीला घरी आणायला. टांटीनं विचारलं असतं, “हे गं काय?” तर एका वाक्यात प्रकरण मिटलं असतं. पण आमच्याकडे विचारायची पद्धत नाही. टांटी धावत आजोबांकडे गेली, आजोबांनी चार गायक गोळा केले आणि दुपारी सगळी वरात आमच्या अंगणात आली. एकाच्या हातात मीठ, दुसऱ्याच्या मिरची, टांटीकडे उंबऱ्यावर टाकायला तांदूळ. ते दाणे वेचल्याशिवाय सुकुयाँला पुढे जाता येत नाही म्हणतात.

आत बघायचं नाही हा नियम, म्हणून आजोबांनी डोळे मिटून माझ्यात मीठ ओतलं. बेडूक टुणकन बाहेर उडाला. टांटी अशी किंचाळली की खालचे कुत्रे भुंकायला लागले.

तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. डेरॉन उतरला, सोलांज उतरली. मागच्या सीटवर कुबड्या धरून युफ्रेझी.

“सोलांज, त्या गाडीपासून लांब हो,” आजोबा म्हणाले.

“हे मीठ कशाला, ग्रँपा?”

“का ते विचारू नकोस.”

टांटीनं सोलांजची बाही वर ओढली. “बघा! हॉस्पिटलातून उडत आली आणि माझ्या पोरीचं रक्त पिऊन गेली!”

गाडीतून आवाज आला, “अगं मर्ल, मला संडासला न्यायला दोन नर्सा लागत होत्या. उडू कशी?”

एका गायकाला हसू फुटलं. आजोबांनी डोळे वटारले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “सोलांज, हिच्यावर हात ठेव. सगळ्यांसमोर सांग की या घरात पुन्हा पाय टाकणार नाही आणि या पोराचं नाव काढणार नाही. त्याच्या अंगात त्या म्हातारीचं रक्त आहे. नाहीतर माझं आणि मर्लचं दार तुला बंद.”

डेरॉन पुढे येऊ लागला. सोलांजनं त्याला नजरेनंच थांबवलं. तिनं माझ्या काठावर हात ठेवला. तिनं वाकून माझ्यात नीट पाहिलं. इतक्या वर्षांत या वस्तीतलं कुणी माझ्यात असं उघड डोकावलं नव्हतं.

“नाही सांगणार,” ती म्हणाली. “हिच्यात मीठ आहे. दुसरं काही नाही. या, बघा सगळ्यांनी. आणि माझं रक्त कुणी प्यायलं नाही. मी गाडीत बसून गेले, पलंगावर झोपले, मूठ उघडली आणि दिलं. मा युफ्रेझीच्या नावानं दिलं. पुन्हा लागलं तर हा दुसरा हात आहे. टांटी, मान पुढे करायला हवी होती म्हणत होतीस ना? मी हात केला. तिचं रक्त नातवात आहे म्हणून घाबरता, ग्रँपा? आता माझं तिच्यात आहे. नातं जुळून गेलं. दार बंद करायचं तर करा, पण ते मुसळ आधी काढून द्या. ते या उखळीचं आहे.”

आजोबांच्या हातातली मिठाची पिशवी तशीच राहिली. टांटीनं सोलांजच्या कोपराकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग खाली स्वतःच्या मुठीतल्या तांदळाकडे. बेडूक पायरीखाली जाऊन बसला होता. डेरॉननं गाडीचं दार उघडलं. पायरीवर उभे असलेले गायक बाजूला सरकले.

युफ्रेझीनं पहिली कुबडी जमिनीवर टेकवली.