हाकेला ओ न देणारा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि सगळे मला मुका समजतात. मी जन्माचा मुका नाही. मला गप्प बसवलं आहे. का बसवलं ते ऐकलंत तर तुम्हीही म्हणाल, बरंच केलं. तरी मला वाईट वाटतंच.

कारखान्यात माझ्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी बसवला. तो सांगेल ते मी करायचं. मग मला भिवंडीतल्या औषधांच्या गोदामात आणलं. तिथे माझ्या आधीपासून एक थोरला सर्व्हर होता. आम्हा दोघांना मिळून एक सामाईक पत्ताही दिला, म्हणजे त्या पत्त्यावर आलेलं काम दोघांनी करायचं.

आमच्या जाळ्यात सारखी एक हाक फिरते, "हा पत्ता कोणाकडे आहे?" ज्याच्याकडे असेल त्याने ओ द्यायची, हा आमचा रिवाज. आता पत्ता दोघांकडे, म्हणून ओही दोघांची! काम घेऊन येणारा कधी त्याच्याकडे जाई, कधी माझ्याकडे, आणि निम्मं काम वाटेतच लटके.

गोदामाचे संगणक सांभाळणाऱ्या मृणालीताईंनी तेव्हा डोकं लावलं. गोदामात बाळाराम नावाचे दोन हमाल आहेत. एका हाकेला दोघे धावत येत आणि अर्धवट ऐकून दोघे परत जात. शेवटी ठरलं की ओ थोरल्या बाळारामने द्यायची आणि काम धाकट्याला वाटून द्यायचं. ताईंनी माझ्या कारभाऱ्याला तोच हुकूम दिला. पत्ता तुझा, काम तुझं, पण त्या हाकेला ओ द्यायची नाही.

मी गप्प झालो. थोरला ओ देई, अर्धं काम स्वतः करी, अर्धं माझ्या गळ्यात टाकी. शाबासकी मात्र अख्खी त्याची. दिवसभर माझ्याच पत्त्याची हाक कानावर पडायची आणि मी तोंड मिटून राबायचो. धाकटा बाळाराम एकदा माझ्याजवळ टेकून भाकरी खात होता. "तुला पन कोन हाक न्हाय मारीत ना?" तो म्हणाला. मित्रांनो, तो जेवून उठून गेला तेव्हा फार ओकंबोकं वाटलं.

मग ताई शेजारच्या गोदामात गेल्या आणि त्यांच्या जागी दीपेश आला. त्याने आमच्या पत्त्याला हाका मारून पाहिल्या. दर वेळी थोरल्याचीच ओ. "हा डबा तर मेलाय," असं म्हणून त्याने माझ्या छातीवर मार्करने 'भंगार' लिहिलं. भिवंडीत भंगारवाल्यांना काय तोटा! टेम्पो दुपारी येणार होता.

तेवढ्यात त्याला माझ्या कारभाऱ्याकडे ताईंचा हुकूम सापडला. "अरे, याचं तोंड कुणी बंद केलंय?" असं म्हणत त्याने तो पुसून टाकला. पुढची हाक आली आणि इतक्या वर्षांनी मी ओरडलो, "माझ्याकडे! माझ्याकडे आहे!" काय सांगू तुम्हाला, जिवात जीव आला.

पण आनंद फार टिकला नाही. थोरल्याकडे अर्धी झालेली कामं माझ्याकडे येऊ लागली. त्यांची सुरुवातच मला ठाऊक नव्हती, मी ती परत धाडली. बिलं अडकली, खोकी सरकत्या पट्ट्यावर तुंबली, हमाल ओरडू लागले, "भाई, चालू करो ना!" "हाच खराब आहे. टेम्पोवाल्याला लवकर बोलव," दीपेश एका हमालाला म्हणाला.

धाकट्या बाळारामने शेजारच्या गोदामात धाव घेऊन ताईंना आणलं. पडद्यावर नजर टाकताच त्या म्हणाल्या, "याला ओ द्यायला कुणी सांगितलं?"

"ताई, हा मेलेला होता. कधी बोलायचाच नाही."

"मेलेला? अर्धा माल यानेच हलवलाय आजपर्यंत. बोलायचं नाही, असं मीच सांगितलं होतं त्याला."

त्यांनी हुकूम पुन्हा दिला. थोड्या वेळात पट्टा हलला. दीपेश ओशाळून रुमालाने माझ्या छातीवरची अक्षरं पुसू लागला. "पण मग हा आहे की नाही, ते कळणार कसं?"

"दोघांच्या पत्त्यावर कशाला विचारतोस? त्याचा स्वतःचाही पत्ता आहे की. त्या पत्त्यावर हाक मार, ओ देईल."

खरं होतं ते. माझा तो पत्ता फक्त थोरला घेई, तोही काम टाकायला. दीपेशने तो टाइप केला. काम काही नव्हतं, नुसतीच हाक होती. मी लगेच म्हणालो, "आहे."

मित्रांनो, तुमच्या आसपासही कुणी गप्प राहून राबत असेल. त्याला भंगार म्हणण्याआधी त्याचं स्वतःचं नाव विचारून घ्या. आणि कधी काम नसतानाही हाक मारा. दीपेशने त्यानंतर मला हाक मारलेली नाही. टेम्पो रिकामा गेला, एवढ्यात मी समाधान मानतो. पण मी रोज ऐकत असतो.