बेचाळिसावी चिठ्ठी

मित्रांनो, मी गोळ्यांचा एक जुना, पत्र्याचा डबा आहे. झाकण वाकडं, एका कुशीला पोचा, आणि अंगावरचं चित्र इतकं पुसलंय की तो हत्ती होता की किटली, यावरून मुलांत दोन तट पडतात. खरं काय ते मला माहीत आहे. पण मी सांगत नाही. म्हातारपणी तेवढीच करमणूक.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एकदम धडाधड निघाले. माझ्यातल्या गोळ्या आठवड्यात फस्त झाल्या. मग एका घरात मी बरीच वर्षं बटणं सांभाळली. त्यातलं एकही बटण कधी कुणाच्या शर्टाला लागलं नाही, पण टाकवत कुणालाच नव्हतं. ते घर सरकारी शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाईंचं होतं. एके सकाळी बाईंनी बटणं बशीत ओतली, मला पुसलं आणि पिशवीत घालून शाळेत नेलं.

कारण असं होतं, की वर्गात एक्केचाळीस मुलं आणि उत्तरं द्यायची फक्त चौघं. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे ‘पटपट’ म्हणायचे. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात छताकडे. बाकीची सदतीस मुलं निवांत. कुणी बाकाला भोक पाडतंय, कुणी पुढच्याच्या कॉलरमध्ये पेन्सिलीचा भुसा सोडतंय. बाईंना ते खटकलं. त्यांनी सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, घड्या घातल्या आणि माझ्यात टाकल्या. आता प्रश्न विचारायचा, डोळे मिटून चिठ्ठी काढायची, नाव येईल त्यानं उभं राहायचं. बाई हाताची पाच बोटं एकेक करून मिटायच्या. तेवढ्यात उत्तर आलं तर ठीक, नाहीतर पुढची चिठ्ठी. आणि वापरलेली चिठ्ठी पुन्हा माझ्यात, म्हणजे ‘सुटलो बुवा’ म्हणून कुणी डुलक्या काढायला नकोत.

काय मजा आली म्हणता! मला नुसतं हलवलं की बेचाळीस पाठी ताठ. बेचाळीस म्हणजे बाई धरून, कारण उत्तर काय येईल याची धास्ती त्यांनाही असायची. भुसा सोडणारा कामाला लागला. दुसऱ्या शाळांतल्या बाई मला बघायला यायच्या. आमच्या बाई मान जरा वर करून सांगायच्या, “माझ्याकडे सगळे सारखे. डबा कुणाचं तोंड बघत नाही.” मी तर फुगून दीडपट झालो होतो.

मग वर्षाच्या मधेच एक मुलगी आली. तिचे वडील फरशी बसवायचे. जिथे नवी इमारत तिथे त्यांचं बिऱ्हाड. घरी त्यांची भाषा वेगळी होती. मुलीला वर्गातलं सगळं कळायचं, पण बोलायचं म्हणजे आधी मनात घरच्या भाषेत, मग शब्द शोधायचा, मग तोंड उघडायचं. मुलांनी तिचं नाव ‘पाहुणी’ ठेवलं. बाईंनी तिचीही चिठ्ठी केली. बेचाळिसावी.

तीन वेळा ती निघाली. पहिल्यांदा पाच बोटं मिटली तरी ती शब्द शोधतच होती. दुसऱ्यांदा उत्तर बरोबर दिलं, पण घाईत घरच्या भाषेत, आणि वर्ग खो खो हसला. बाई सगळ्यांवर ओरडल्या, पण पुढची चिठ्ठी काढलीच. तिसऱ्यांदा ती उभी राहिली आणि बोटं मिटेपर्यंत जमिनीकडे बघत राहिली.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं माझं झाकण उघडलं, आपली चिठ्ठी शोधली आणि कंपासपेटीत टाकली.

खरं सांगतो मित्रांनो, मला गुदगुल्या झाल्या. इतक्या दिवसांत माझी अशी सफाईदार फजिती कुणी केली नव्हती. एवढुशी पोर आणि काय हात मारला, असं मी म्हटलं. हे गमतीवारी नेण्यासारखं नव्हतं, हे कळायला मला चार महिने लागले.

चार महिने तिचं नाव निघालं नाही. बाईंच्या लक्षात कसं येणार? कुणाची आली, कुणाची राहिली, याचा हिशोब ठेवायचाच नाही म्हणून तर त्यांनी मला आणलं होतं. तिच्या नावापुढे एवढंच लिहिलं गेलं, की वर्गात कधीच बोलत नाही. एक दिवस मोठ्या सरांनी तिच्या वडिलांना बोलावलं. टेबलावर एक अर्ज ठेवला. पोरीला चौथीतून काढून दुसरीत, तिच्या धाकट्या भावाच्या शेजारी बसवायचं, वडिलांनी सही करायची. पोरगी दाराशी उभी राहून ऐकत होती.

वडील गडी साधा, नखांत सिमेंट. म्हणाले, घरी तर हिचं तोंड मिटत नाही, कामावर फरशा किती लागतील ते हीच सांगते. सर म्हणाले, इथे एक शब्द नाही. आता बाईंना राहवेना. आपण कुणाला डावललं नाही हे दाखवायला त्यांनी मला आणलं आणि टेबलावर पालथं केलं. “हे बघा दादा, सगळ्यांची नावं आहेत. ज्याचं निघेल त्याला विचारते.”

वडिलांना ती लिपी वाचता येत नव्हती. पण समोर चौकोनी तुकडे पसरलेत म्हटल्यावर त्यांचे हात गप्प कसे बसणार? बोलता बोलता त्यांनी चिठ्ठ्या ओळीत लावायला घेतल्या. सहा, त्याखाली सहा, कडेला कड. सातव्या ओळीत पाचच बसल्या. शेवटच्या कोपऱ्यात टेबलाचं लाकूड दिसायला लागलं.

“बाई, पोरं किती वर्गात?”

“बेचाळीस.”

“मग एक कमी पडतीय.”

बाईंनी दोनदा मोजल्या. मग एकेक उघडून नावं वाचत गेल्या आणि वाचता वाचता थांबल्या. तेवढ्यात पोरगी आत आली. कंपासपेटी उघडली आणि चिठ्ठी त्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवली.

“का काढलीस गं?” बाईंनी विचारलं. सवयीनं त्यांचा हात वर गेला, अंगठा मिटलाही. मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि पदराआड धरला.

बराच वेळ गेला. मोठे सर घड्याळाकडे बघायला लागले होते.

“पाच बोटं लवकर संपतात,” पोरगी म्हणाली. “माझं उत्तर तेव्हा घरी असतं. तिथून यायचं असतं.”

अर्जावर सही झाली नाही. सर म्हणाले, महिनाभर बघू, मग ठरवू.

बाईंनी मला फेकलं नाही, पण माझा रुबाब उतरवला. आता चिठ्ठ्या सकाळीच निघायच्या. आज तुझा हा प्रश्न, तुझा हा, सुट्टीनंतर सांगा. एका मुलाला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही, त्याला प्रश्न कागदावर मिळायचा. पाहुणीनं आधी आपल्या भाषेत सांगायचं, मग आमच्या. पटपटनं कुरकुर केली, की मला नाही कागद मिळत. बाई म्हणाल्या, “तुला ऐकू येतं म्हणून.” विषय संपला.

महिन्यानं मोठे सर वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. त्या सकाळी बाईंनी झाकण उघडलं आणि, मित्रांनो, हे मी आजवर कुणाला बोललो नाही, डोळे उघडे ठेवून आत बघितलं. दोन घड्या उलगडल्या, परत ठेवल्या, तिसरी काढली. इतकी वर्षं लबाडीचं वावडं असलेल्या बाई! मी पत्र्याचा होतो म्हणून, नाहीतर टाळ्याच वाजवल्या असत्या.

सावली सकाळी लांब आणि दुपारी आखूड का, असा प्रश्न होता. पोरीनं मला उन्हात खिडकीत ठेवलं, खडूनं माझ्या सावलीची कड आखली. सुट्टीनंतर दुसरी आखली. मग दोन रेघांकडे बोट दाखवत सांगायला लागली. अडली, थांबली, एक शब्द घरचा वापरला. भुसा सोडणाऱ्यानं त्याचा अर्थ ओळखून सांगितला. हसलं कुणीच नाही. ‘सूर्य वर चढतो म्हणून’ इथपर्यंत पोचायला तिला चांगली तीन मिनिटं लागली.

सर उठले. “ही इथेच बसेल,” म्हणाले आणि गेले.

उन्हाळ्यात इमारत पुरी झाली आणि ते कुटुंब पुढच्या गावी गेलं. दाखल्यासोबत बाईंनी नव्या शाळेला एक ओळ लिहून दिली. हिला प्रश्न विचारल्यावर जरा थांबावं, उत्तर येतं.

बाई आता निवृत्त झाल्या. माझ्यात हल्ली खडूचे तुकडे असतात. माझं फार कौतुक करू नका. ओल लागू दिली नाहीत तर आणखी दहा वर्षं निघतील. पण तुमच्या वर्गात नवीन कुणी आलं, आणि ते गप्प असलं, तर ते मठ्ठ आहे असं ठरवायची घाई करू नका. त्याच्या बाकावर जागा करून बसा. आणि ते बोलायला लागलं, की त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.