अक्कोरांना जाऊ देणार नाही

शाळेच्या फाटकाला बाहेरून कुलूप लागले, तेव्हा नीलांबिका हिरेमठ खांद्याला पिशवी लावून वऱ्हांड्यात उभ्या होत्या. दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत त्यांना उद्या रुजू व्हायचे होते आणि फाटकापलीकडे अर्धे हिरेनारगल गाव ओरडत होते, "अक्कोरांना जाऊ देणार नाही!"

सारा गाव त्यांना अक्कोर, म्हणजे शाळेच्या बाई, म्हणे. तीन दशकांत त्यांना नावाने हाक मारण्याची कोणाची छाती झाली नव्हती. त्या आल्या तेव्हा शाळा बसवण्णाच्या देवळात भरे. मिरचीचे देठ खुडणाऱ्या पोरींना त्यांनी खळ्यातून हाताला धरून उठवले होते. गौरव्वाने अंगावर झाडू भिरकावला, तर त्याच झाडूने तिचे अंगण झाडून तिच्या मुलीला घेऊन गेल्या होत्या. आणि आता मुले घटली म्हणून त्यांची जागा जादा ठरली होती. जादा! टोपलीत उरलेल्या भाकरीला जादा म्हणतात. पण कचेरीवर त्यांचा राग नव्हता. कचेरी फक्त डोकी मोजते.

"फकीरप्पा, कुलूप काढ."

शाळा समितीचा अध्यक्ष फकीरप्पा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. किल्ली त्याच्या मुठीत होती. "नाही काढणार अक्कोरे. तुम्ही म्हणजेच शाळा. साहेब इथं येऊन बदली रद्द करू देत."

"आणि तोवर मी खाऊ काय?"

"आम्ही भाकरी देऊ की," गौरव्वा म्हणाली. "शेंगाचटणी पण. झाडू नाही फेकणार."

लोक हसले. तेवढ्यात मोठ्या गावच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस आली आणि गर्दीमुळे फाटकासमोरच अडली. टाय लावलेली मुले एकेक करून उतरली आणि घोषणा देणाऱ्या आईबापांपाशी जाऊन उभी राहिली. घोषणा आपोआप विरली.

अक्कोर पायऱ्या उतरून फाटकापाशी आल्या. "ही मुलगी कोणाची?"

"माझीच," फकीरप्पा पुटपुटला. "अक्कोरांना नमस्कार कर गं."

"गुड इव्हनिंग, मिस," मुलगी म्हणाली.

"कितवीत?"

"दुसरीत."

"माझ्या दुसरीत चार पोरं उरली." अक्कोरांनी फाटकाचे गज धरले. "बरं, नाही जात मी. कुलूप काढ आणि बसमधून उतरलेल्या सगळ्यांना आत पाठव. आत्ता नावं घालते. पट भरला की जागा परत मागायला मी स्वतः साहेबापुढे उभी राहीन."

कोणी हलले नाही.

"असं लगेच कसं होईल अक्कोरे," फकीरप्पा म्हणाला. "इंग्रजीचा जमाना आहे. तुम्ही शिकवलंत म्हणून तर पोरांचं भलं कळतंय आम्हाला."

"तुमचं वाईट झालं का रे इथं बसून?"

"अक्कोरांचा मुलगा वीरेश पण इथंच शिकला," गौरव्वा मध्येच म्हणाली. "तुझ्याच शेजारी बसायचा."

"बसायचा. याच्या पाटीवरून उत्तरं उतरवायचा, मारही खायचा. आज पूल बांधतो." अक्कोरांचा आवाज चढला नाही; तो खाली गेला, आणि जुने विद्यार्थी नकळत ताठ उभे राहिले. "तुम्हाला शाळा हवी ती घोषणा द्यायला. पोरं घालायला नको. देवळातल्या मूर्तीसारखं मला इथं बसवायचं, सणाला हार घालायचा आणि सकाळी पोरांना घेऊन बस गाठायची. माझ्या जाण्याचं दुःख होतंय? लाज वाटत असेल, नीट बघा."

गौरव्वाने आपल्या नातीला पुढे ढकलले. सुनेने दप्तराला धरून तिला मागे ओढले. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. आधी दुसऱ्याने पाठवावे, मग आपण.

बऱ्याच वेळाने फकीरप्पाने कुलूप काढले आणि फाटक ढकलले. उघड्या फाटकातून एकही मूल आत आले नाही.

अक्कोर बाहेर आल्या. फकीरप्पा पायाशी वाकला.

"ऊठ. जे पाय धरतोस त्यांच्या मागं तुझी पोर चालायला नको, मग वाकतोस कशाला?"

बसचा ड्रायव्हर कल्लप्पा, तोही त्यांच्याच हाताखाली शिकलेला, दार उघडून म्हणाला, "चला अक्कोरे, स्टँडपर्यंत सोडतो."

"बस मागं घे. वाट अडवलीस."

त्याने मुकाट्याने गिअर टाकला. बस मागे सरकेपर्यंत अक्कोर रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि मग चालू लागल्या.