आबर्गेलेचा चढ

"एमरिस, कुठपर्यंत आलायस?" लॉरीतल्या स्पीकरवर बायकोचा, मेन्नाचा आवाज फाटत होता. "नर्स म्हणते, आता फार वेळ नाही!"

"सेंट असाफ मागे पडलं. तू आहेस ना नेरिसजवळ?"

"मी दाराबाहेर आहे. मला रक्त बघवत नाही हे काय नवीन आहे का तुला? मी आत जाऊन पडले, तर त्या बिचाऱ्यांना दोन-दोन पेशंट सांभाळावे लागतील. ती म्हणतेय, बाबांनाच बोलव."

"अगं, पण मुलीच्या बाळंतपणात बाप कसा..."

"तिचा नवरा तिकडे समुद्रात बोटीवर अडकलाय, मग दुसरं आहे कोण? आणि मेंढ्यांची बाळंतपणं काय कमी केलीस तू? ये लवकर!"

फोन बंद झाला. एमरिस प्यूने स्टीअरिंगवर एक थाप मारली आणि एकटाच मोठ्याने हसला. साठीला आलेला माणूस, पण छातीत नुसते ढोल वाजत होते. त्याची लेक बँगोरच्या हॉस्पिटलात होती, नात किंवा नातू वाटेत होता, आणि तो स्वतःही वाटेतच होता.

अडचण होती ती टॅकोची. चालकाच्या वेळेची नोंद ठेवणारं ते यंत्र कुणाचं ऐकत नाही. सलग साडेचार तास गाडी चालवली, की पाऊण तास थांबायचं म्हणजे थांबायचं. बर्मिंगहॅमहून तो वेळेत निघाला होता, पण चेस्टरजवळ रस्त्याचं काम निघालं आणि सगळी शिल्लक तिथेच संपली. आता बँगोरमधलं कंपनीचं आवार गाठेपर्यंत जेमतेम तीन मिनिटं हाताशी उरत होती. ती गेली, तर रस्त्याकडेच्या थांब्यावर पाऊण तास बसून राहायचं आणि लेकीच्या कळा फोनवर ऐकायच्या.

आबर्गेलेच्या अलीकडचा चढ लागला. पुढे एक निळी लॉरी लोखंडी पाइप लादून धापा टाकत चालली होती. एमरिसच्या ट्रेलरमध्ये टॉयलेट पेपरचे गठ्ठे होते, म्हणजे वजन नावालाच. त्याने आरशात पाहिलं, दिवा दिला आणि उजव्या लेनमध्ये गाडी काढली.

हे काम तो सहसा करत नसे. उलट त्याला कुणी ओलांडू लागलं, की तो पाय सैल करायचा, त्याला पुढे जाऊ द्यायचा आणि दिवा मिचकावून 'ये आत' अशी खूण करायचा. आवारातल्या लोकांनी त्याचं नावच पाडलं होतं, एमरिस 'आधी-तुम्ही'. तीस वर्षांत त्याला कसलं बक्षीस मिळालं नाही, की त्याच्या नावाने कधी तक्रार आली नाही. आज मात्र त्याला पुढे जायचं होतं.

निम्मी निळी लॉरी मागे पडली आणि चढ संपला. सपाटी लागताच पाइपवाल्याने वेग धरला. दोन्ही गाड्यांचा वेग आता सारखा झाला, कारण कंपन्यांनी बसवलेल्या वेग रोखणाऱ्या यंत्रामुळे ना ही पळू शकत होती, ना ती. दोन लॉऱ्या खांद्याला खांदा लावून रस्ताभर पसरल्या.

मागे गाड्यांची रांग लागली. ऑगस्टचा महिना, समुद्रावर निघालेली माणसं, टपावर सायकली, मागे ओढत आणलेली कॅरॅव्हॅनची फिरती घरं. सर्वांत जवळच्या लाल गाडीने भोंगा दाबला तो सोडेचना. तिचे दिवे आरशात चमकत होते.

"कळतंय बाई, कळतंय!" एमरिस आरशाला म्हणाला. "माझ्यावर कशाला ओरडतेस? ह्याला सांग ना! जरासा पाय उचल रे बाबा, तुझं काय जातंय?"

मागे सरावं म्हटलं, तर निळ्या लॉरीच्या मागची जागाही दोन गाड्यांनी घुसून भरून टाकली होती. त्याने वैतागून डावीकडे पाहिलं. शेजारच्या रिकाम्या सीटच्या पलीकडे, काचेबाहेर हातभर अंतरावर दुसरी काच होती आणि त्या काचेत एक माणूस. टोपी मागे सरकवलेली, हनुवटी पुढे काढलेली.

एमरिसच्या तोंडचं पाणी पळालं. तो इदवल होता, त्याचा थोरला भाऊ.

काही वर्षांपूर्वी ह्याच रस्त्यावर इदवलने असंच एका लॉरीला ओलांडायला गाडी बाहेर काढली होती, आरशात न बघता. उजव्या लेनमधली छोटी गाडी कठड्यावर घासत गेली. आतल्या मुलीचा हात मोडला. मागून एमरिस येत होता आणि त्याने सगळं पाहिलं होतं. कोर्टात विचारलं तेव्हा त्याने पाहिलं ते सांगितलं. इदवलचं लायसन्स वर्षभरासाठी गेलं. ते वर्ष त्याने स्वतःच्याच कंपनीच्या आवारात दुसऱ्यांच्या लॉऱ्या धुण्यात काढलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो एवढंच म्हणाला होता, "मला वाटलं होतं, माझा भाऊ येतोय साक्षीला." त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. आईच्या दफनालाही ते खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते.

आता इदवलनेही मान वळवली. भावाला पाहिलं, पुन्हा समोर बघितलं आणि हनुवटी आणखी पुढे काढली. पाय काही उचलला नाही.

"अरे इदवल!" एमरिस ओरडला. दोन काचा आणि दोन इंजिनं मध्ये असताना ऐकू कसलं जाणार! टॅकोचा आकडा पुढे सरकत होता. मागे आता लाल गाडीच्या जोडीला पाच-सहा भोंगे लागले होते.

रस्ता सरळ होता. एमरिसने एका हाताने स्टीअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या पोटापुढे मोठा गोल काढला.

इदवलने पाहिलं. खाली आपल्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला आणि त्याने मूठ दाखवली.

"तुझं नाही रे, गाढवा! तुझं पोट नाही!"

एमरिसला हसू आवरेना आणि रडूही येऊ लागलं. काय करावं? नेरिस कशी सांगावी हाताने? मग त्याला आठवलं. लहानपणी नेरिसच्या दोन वेण्या असायच्या. इदवलला मूलबाळ नव्हतं. दर रविवारी तो घरी आला, की मागून येऊन आधी त्या वेण्या ओढायचा आणि ती किंचाळत त्याच्या खांद्यावर चढायची.

एमरिसने कानाजवळ मूठ धरली आणि खाली ओढली. एकदा, दोनदा. मग पोटापुढचा गोल. मग हात कोपरात वाकवून छातीशी धरला आणि झुलवला.

इदवल बघत राहिला. त्याची मूठ हळूहळू खाली आली. ओठ हलले. आवाज नव्हता, पण नाव ओळखू आलं. नेरिस?

एमरिसने इतक्या जोरात मान हलवली, की चष्मा नाकावर घसरला. त्याने पुढे बोट दाखवलं, बँगोरच्या दिशेने. मग मनगटावर बोट आपटलं.

इदवलने पाय उचलला.

निळी काच मागे सरकली, मग निळं दार, मग पाइपांचा ढीग. आरशात पिवळे दिवे दोनदा मिचकले. ये आत. एमरिसने गाडी डावीकडे घेतली आणि तुंबलेला रस्ता एकदम मोकळा झाला.

एकेक गाडी सुसाट बाजूने जाऊ लागली. लाल गाडीतली बाई काच खाली करून ओरडली, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का रे, म्हाताऱ्या?"

"आजोबा होतोय मी! आजोबा!" एमरिस हात हलवत ओरडला. पुढच्याने बोट दाखवलं, त्यालाही त्याने हात केला. एका कॅरॅव्हॅनवाल्याने दिलेल्या शिव्या तर त्याने एखाद्या वरातीतल्या नवरदेवासारख्या हसत-हसत स्वीकारल्या.

बँगोरच्या फाट्यापर्यंत निळी लॉरी मागे होती. चढांवर ती मागे पडे, उतारावर पुन्हा आरशात येई. फाट्यावर तो वळला आणि ती सरळ गेली, हॉलिहेडच्या बंदराकडे, आयर्लंडची बोट पकडायला. जाताना तिने लांबलचक भोंगा दिला. तो बोगद्यातून यावा तसा बराच वेळ एमरिसच्या कानात राहिला.

टॅकोला मिनिटभर बाकी असताना लॉरी आवारात उभी राहिली आणि एमरिस तसाच हॉस्पिटलकडे पळाला.

मुलगी झाली. एमरिस नेरिसच्या उशाशी उभा होता. तिने त्याची बोटं अशी पिळली होती, की अंगठी रुतून बसली. "मेंढ्यांचं बरं असतं," तो घाम पुसत म्हणाला, "त्या आपल्याला शिव्या देत नाहीत." मेन्ना दारातून डोकं आत घालून एकाच वेळी हसत आणि रडत होती.

मग त्याने रस्त्यावरची गोष्ट सांगितली. पोटाचा गोल आणि मूठ ऐकून नेरिस इतकी हसली, की नर्सने दटावलं.

"काकांना कळवायला हवं ना," ती म्हणाली. "फोन द्या माझा."

"तुझ्याकडे नंबर आहे त्याचा?"

"दर ख्रिसमसला बोलते मी त्यांच्याशी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

एमरिसने तिचा फोन तिच्या हातात दिला. तिने फोन लावला, बाळाच्या तोंडाजवळ धरला. बाळाने जांभई दिली आणि मग चांगला गळा काढला. नेरिस ऐकत होती, हसत होती, "हो काका", "नाही काका, वेण्या कुठल्या इतक्यात!" म्हणत होती. एमरिसने हात पुढे केला.

"काका, बाबा इथेच आहेत, देऊ?"

पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलणं झालं. मग तिने फोन कानावरून काढला आणि पालथा ठेवला.

"बोटीत गाडी चढवायची वेळ झाली म्हणाले."

"हं. बरोबर आहे. उशीर करून चालत नाही तिथे."

"आणि म्हणाले, तुमच्या ट्रेलरचा मागचा डावा दिवा गेलाय. उद्या दुरुस्त केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका म्हणून बजावलंय."

एमरिसने मान हलवली. फोनसाठी पुढे केलेला त्याचा हात तसाच होता. नेरिसने दुपट्यातलं बाळ उचललं आणि त्या हातावर ठेवलं. त्याने घाईघाईने दुसरा हात खाली लावला.