मंगळवारची मुदत

अंजना गोठ्यात नवा खुंटा ठोकत होती आणि तिचा नवरा अण्णासो फोनात मान घालून उंबऱ्यावर बसला होता. मुरगूडच्या बाजारात तीस वर्षं म्हशींची दलाली केलेला हा गडी. कासेवर नुसती नजर टाकून दूध सांगायचा आणि ते पावशेरानंही चुकायचं नाही. खोड एवढीच, की आपण कुठंच चुकत नाही असं त्याला वाटायचं.

"आवं, खुंटा तरी धरा जरा."

"साडेतीनपातूर माझ्याशी बोलू नगंस."

उद्या बुधवारी राधानगरीच्या केरबाकडून म्हैस आणायची होती. तिसऱ्या वेताची, काळीभोर, व्यायला टेकलेली. जुनी भाकड होऊन गेल्यापासून अंजनाला रिकामा गोठा बघवत नव्हता. तीन वर्षं डेअरीच्या बिलातून बाजूला टाकलेल्या पैशातून पाच हजार इसार दिला होता. राहिलेले ऐंशी हजार अण्णासोच्या खात्यावर होते. निदान अंजना तसं समजत होती.

खरं तर ते केव्हाच शेअर बाजारात गेले होते. कोल्हापुरात अतुलसरांचा क्लास होता. ऑप्शन म्हणजे काय, हे सर फळ्यावर तासभर समजावत होते, तेव्हा अण्णासो मधेच उठला. "म्हंजे इसारच की ओ! थोडं पैसं देऊन भाव बांधायचा. मुदतीत वाढला तर चांदी, न्हायतर इसार बुडाला." अख्ख्या क्लासनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच घात केला. शिकलेल्या पोरांना जमलं नाही ते आपल्याला चुटकीसरशी कळलं, या गुर्मीत त्यानं सगळेच्या सगळे पैसे निफ्टी वर जाणार म्हणून लावले. मुदत मंगळवारची. एकीच्या जागी दोन म्हशी आणू, बायको बघतच राहील! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर अख्खी दावणच रिकामी राहायची होती.

साडेतीन वाजले. निफ्टी जागचा हलला नव्हता. ऐंशी हजारांच्या जागी फोनवर शून्य दिसत होतं.

त्यानं सरांना फोन लावला. "सर, पैसं समदं बुडालं. पण बाजार उद्या चढतोय, मला दिसतंय. समोरच्याला सांगून एक दिस मुदत वाढवून घ्या की. आमच्यात देत्यात."

"समोर कुणी नसतंय, आण्णा. कुणाला सांगू?"

अंजनाच्या हातातली पहार तशीच राहिली. "कंचं पैसं?" तिनं एकदाच विचारलं. त्यानं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडायला अंगात जोर लागतो, तो खुंटा ठोकण्यात संपला होता.

बुधवारी बाजार खरंच चढला. केरबाला अडचण सांगायला दोघं निघाली, तेव्हा राधानगरीच्या एस्टीत अण्णासो तिच्यापुढं फोन नाचवत होता. "बघ, अंदाज चुकला न्हाय माझा. दिवस चुकला."

अंदाज चुकला असता तर बरं झालं असतं, असं अंजनाला वाटलं. खोड तरी मोडली असती.

केरबानं चहा दिला, पैशाची अडचण ऐकून घेतली आणि हसला. "इसार बुडवायला मी काय वैरी हाय व्हय, आण्णा? घ्या की आठ दिस. म्हस काय पळून जातीया?"

अण्णासोच्या तोंडावर लगेच तरतरी आली. "आठ दिस? म्हंजे पुढचा मंगळवार मधी येतोय की!" आणि त्याची नजर अंजनाच्या गळ्यातल्या बोरमाळेवर गेली. कासेवर जायची, तशीच.

अंजनानं पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला.

"नगं, केरबादादा. मुदत नगं. म्हस दुसऱ्याला द्या, आन इसार ठेवून घ्या ठरल्यापरमानं."

"आगं, येडी का खुळी तू? माणूस सोताहून मुदत देतोय..."

तिनं नवऱ्याकडं पाहिलंही नाही. पिशवीतून नवंकोरं दावं काढलं आणि केरबाच्या हातात ठेवलं.

"एवढं बांधा तिला. तिच्यासाठीच आणलंतं."

आणि केरबाच्या गोठ्याकडं न बघता ती एस्टीच्या वाटेला लागली.